चंद्रिकाचा मोडलेला नवस

माणसांचा उबग यायला माणसं वाईटच असावी लागतात असं काही नाही. ताटात आग्रहानं दुसरी शेंगापोळी वाढणारी, येताजाता विचारपूस करणारी मायाळू माणसंसुद्धा जीव नको नको करून सोडतात. हे ज्याला पटत नसेल त्यानं चंद्रिका बिराजदार हिच्याबरोबर सोलापुरातल्या एखाद्या डोहाळजेवणाला जाऊन बघावं.

ती दारात चपला काढते तोच आतल्या बायकांच्या बोलण्यात खंड पडतो. मग एखादी जवळ सरकते, हनुवटीला हात लावून तिचं तोंड खिडकीकडं वळवते आणि मंडईतलं वांगं निरखावं तशी निरखत म्हणते, "खोटा कुठला वो यातला? वळखूच येत न्हाई की!" दुसरी म्हणते, "डावा, डावा. बघा, जास्त हालत न्हाई." तिसरी आपल्या पोराला पुढं ढकलते, "जा, काकूचा काचेचा डोळा बघून ये." आणि चौथी, जी सगळ्यांत मायाळू, ती आवाज बारीक करून विचारते, "डॉक्टरनी किती दिवस दिलेत म्हणं?"

नऊ वर्षं झाली, तरी हेच. आधी दोन वर्षं देऊन झाली, मग पाच देऊन झाली. एवढी उदार माणसं दुसऱ्या कशाला इतकं भरभरून देत असतील असं वाटत नाही.

चंद्रिकाला पहिल्यापासूनच किळस चटकन यायची. उष्ट्या पेल्याची, ओल्या टॉवेलची, तोंडात घास असताना बोलणाऱ्या माणसाची. आणि पोकळ बोलण्याची तर फारच. शाळेच्या युनिफॉर्मच्या एका कारखान्यात ती चेकिंगला आहे. शिवून आलेला शर्ट उलटायचा, शिवण ताणून बघायची, सुटलेला टाका किंवा वाकडा खिसा दिसला की खडूनं फुली मारून परत फेकायचा. डोळा गेला तरी तिनं तेच काम चालू ठेवलं. मालक म्हणतो, दोन डोळ्यांच्या बायकांपेक्षा ही जास्त माल परत पाठवते. हे कौतुक आहे की रडगाणं, ते तिनं कधी विचारलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याच्या कडेला काळी सावली दिसायला लागली. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून चष्मा बदलला. मग सासूला वाटलं, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या उतरवून झाल्या. शेवटी सोलापुरातल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, आणि हैदराबादला जा म्हणाले. डोळ्याच्या आत, पडद्याच्या मागं गाठ होती. मेलानोमा. लहान असती तर किरणांची चकती डोळ्याला टाचून डोळा वाचवता आला असता, पण सावली दिसायला लागली तेव्हा ती चांगली वाढून बसली होती. डोळाच काढावा लागला.

तिथल्या डॉक्टरबाई तेलुगू वळणाच्या हिंदीत बोलायच्या, सावकाश आणि स्वच्छ. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी चंद्रिकाला आणि तिच्या नवऱ्याला, महेश्वरला, समोर बसवलं. डोळ्याचं काम झालं, पण या दुखण्याची एक खोड आहे, म्हणाल्या. डोळा काढायच्या आधीच त्याचे बारीक कण रक्तातून निघून गेलेले असू शकतात, आणि ते बहुतेक करून यकृतात जाऊन बसतात. तिथं झोपून राहतात. गाठ एवढी मोठी असली की जवळजवळ निम्म्या लोकांच्यात ते कधीतरी जागे होतात. कुणाचे दोन वर्षांनी, कुणाचे दहा, कुणाचे पंधरा वर्षांनी. उरलेल्या निम्म्यांच्यात उठतच नाहीत. तुम्ही कुठल्या निम्म्यात, ते आज मी सांगू शकत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करायची. एखाददुसरा ठिपका असताना सापडला तर काढून टाकायचा प्रयत्न करता येतो. उशिरा सापडला तर आमच्या हातात फार काही राहत नाही.

"किती वर्षं करायची?" महेश्वरनं विचारलं.

"पहिली पाच वर्षं जोखीम जास्त, तेव्हा एकही चुकवू नका. नंतर कमी होते, पण जात नाही. जन्मभर करा."

महेश्वरचं किराण्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं दहा जिनसा सांगितल्या तरी तो एकही विसरत नाही. पण बाईंच्या एवढ्या बोलण्यातून त्यानं 'पाच वर्षं' एवढीच पुडी बांधून घेतली. पाच वर्षं काढली की कॅन्सरमधून माणूस सुटला, हे सोलापुरात पानवाल्यालाही ठाऊक असतं.

परत आल्यावर पहिली दोन वर्षं घरात तिच्या मरणाची तयारी फार आपुलकीनं चालली. रोज कोणी ना कोणी यायचं, भरल्या डोळ्यांनी बघायचं, चहा प्यायचं आणि जाताना दारात थांबून तिचं तोंड शेवटचं पाहून घ्यायचं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा यायचं. धाकटी जाऊ दाक्षायणी एकदा आली ती सरळ कपाटाशी गेली. चंद्रिकाचं लग्नातलं इरकल बाहेर काढलं, गालाला लावलं आणि हुंदका देऊन म्हणाली, "अक्का, तुमची आठवण म्हणून ऱ्हाऊ द्या माझ्याकडं." चंद्रिका समोर कॉटवर बसून पोहे खात होती. इरकल गेलं ते गेलंच. पुढं तिसऱ्या वर्षी एका लग्नात दाक्षायणी तेच नेसून आली आणि चंद्रिका पंगतीत दिसल्यावर अशी दचकली, जणू आता ही पदर ओढून घेणार. मेलेल्या माणसाची वस्तू त्याच माणसानं परत कशी मागायची, हा पेच चंद्रिकाला आजही सुटलेला नाही.

या सगळ्यांत सासू तेवढी खरी होती, आणि तिचाच जाच जास्त होता. कमलम्माचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, त्यामुळं घरात निम्मी कानडी, निम्मी मराठी. सासूला 'अत्ती' म्हणायचं. सुनेचा डोळा काढला त्या दिवशी या बाईनं पाणी घेतलं नव्हतं. पण नकली डोळा घरी आला आणि तिला शिसारी बसली. तो मधूनमधून काढून साबणाच्या पाण्यानं धुवावा लागतो. त्यासाठी तिनं एक स्टीलची वाटी वेगळी काढली, चुकून कालवणात जाऊ नये म्हणून बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि सांगितलं, "हे परसातल्या मोरीवर ठेव. सैपाकघरात आणू नको, यव्वा." चंद्रिका मोरीवर बसली की कमलम्मा भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. नऊ वर्षांत तिनं त्या रिकाम्या खोबणीकडं एकदाही बघितलं नाही.

चंद्रिकाला याची चीड यायची. सुनेसाठी उपास धरणारी बाई सुनेच्याच अंगाला घाबरते म्हणजे काय? माया खोटी असती तर तोंडावर थुंकून मोकळं होता आलं असतं. ती खरी होती, म्हणून सगळा घोटाळा.

आता नवसाचं. डोळा काढायच्या आदल्या दिवशी कमलम्मानं आपल्या माहेरच्या वीरभद्राला बोलून ठेवलं होतं: सून जगली तर चांदीचे डोळे वाहीन. डोळ्याच्या दुखण्याला डोळे, पायाच्या दुखण्याला पाय, ही तिकडची रीतच. पाच वर्षं सरली तशी ती उठली. मंगळवार पेठेतल्या सराफाकडून चांदीचे दोन डोळे घडवून घेतले. चंद्रिकानं ते दुकानातच हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, "डाव्याचं बुबुळ वर चढलंय. परत द्या." सवयच ती. कमलम्मानं ते तिच्या हातातून काढून घेतले. "देवाला चालतंय की. तू काय देवाचा बी माल परत पाठवतीस?"

गावी जाऊन नवस फेडला. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर झाली, गाव जेवलं. आणि पुजाऱ्यानं निघताना सगळ्यांच्या देखत सांगितलं, "आता ह्या दुखण्याचं नाव घरात काडायचं न्हाई. फेडल्या नवसाला पुन्ना हात लावायचा न्हाई."

हा तिकडचा नियमच आहे. नवस फेडला म्हणजे देवाचा आणि आपला व्यवहार मिटला. त्यानंतर त्याच दुखण्याची चौकशी करणं म्हणजे देवानं दिलेला रुपया दगडावर वाजवून बघणं. सहा महिन्यांनी सोनोग्राफीची वेळ आली, चंद्रिकानं फाईल काढली, आणि कमलम्मा दारातच बसली. "देवाला खोटं पाडतीस?" महेश्वर दुकानात जायच्या गडबडीत होता. "जाऊ दे ना," तो म्हणाला, "पाच वर्षं झाली न्हवं?"

आणि चंद्रिकानं फाईल परत ठेवली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तपासणीच्या आधीचे आठ दिवस कसे जातात हे ज्याचं त्यालाच माहीत. अन्न गोड लागत नाही, उजव्या बरगडीखाली उगाच दुखतं. त्यातून देवच सुटका करत असेल तर कोण नको म्हणेल? पुढं तिला या बरं वाटण्याचीही किळस आली, पण ती सावकाश, चार वर्षांनी.

झालं असं की यंदा गुढीपाडव्यानंतर माढ्याहून रावसाहेबांचा फोन आला. रावसाहेब माढ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, आता निवृत्त आहेत. हैदराबादला दोघांचे डोळे एकाच आठवड्यात काढले होते. वॉर्डात बसून दोघं एकमेकांच्या पट्ट्यांना नावं ठेवायची. मधे बरेच दिवस बोलणं नव्हतं.

"जयभीम ताई. मी रावसाहेब."

"जयभीम भाऊ. आवाज का वो असा बारीक?"

"पोट फाडलंय की. नवव्या वर्षाला लिव्हरमदी ठिपका सापडला. एकच हुता, बारका. पुण्याला जाऊन तेवढा तुकडा काडून टाकला. आता बरं हाय. फुडचं फुडं. तुमची तपासणी कवा झाली मागची?"

चंद्रिका म्हणाली, "आमी नवस फेडला, भाऊ."

 "देवाला पोचला आसंल नवस," ते म्हणाले, "पर लिव्हरला कुनी सांगितलंय का? ताई, मी तीस वरसं गाड्या सोडल्या. उशीर झाला म्हंजे गाडी रद्द झाली आसं नसतंय. लोक उटून घरी जात्यात आनि मागनं गाडी येती."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. रावसाहेबांचा राग नव्हता. चार वर्षं ती देवाच्या नावाखाली आंधळी होऊन बसली होती, तीही एक डोळा शाबूत असताना.

त्या दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं, मी सोनोग्राफी करून घेणार. घरात वीज पडल्यासारखं झालं. कमलम्मानं ताट बाजूला सारलं. दाक्षायणीला कुणी कळवलं कोण जाणे, ती संध्याकाळी हजर. "अक्का, कशाला उकरून काडताय? बघितलं की सापडतंय. न बघितलेलं बरं." ती बोलत असताना चंद्रिका तिच्या ओठाच्या कडेला चिकटलेल्या फरसाणाकडं बघत होती. महेश्वर म्हणाला, "आई म्हणत्यात तर थांबू की थोडं." हा माणूस लग्नापासून थोडं थांबतच आला आहे.

"अत्ती, मी मेले तर चालंल, पण देव खोटा पडायला नको, आसं हाय का तुमचं?"

कमलम्माचे डोळे भरले. "तसं न्हवं ग. तू देवाला विचारलं तर तो रागावंल, आनि मग खरंच हुईल. मला त्याचंच भ्या वाटतंय." आणि मग तिनंच तोड काढली. "आपन कौल लावू. देव व्हय म्हणाला तर जा. न्हाई म्हणाला तर नाव काडायचं न्हाई."

आपल्या पोटातलं यकृत आणि त्याचा निकाल पाकळीवर! चंद्रिकाला हसावं की ओकावं कळेना. पण सासूशी रोज भांडण्यापेक्षा एक दिवस परवडला, म्हणून ती तयार झाली.

रविवारी दोघी अक्कलकोटपर्यंत एसटीनं आणि पुढं माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं गेल्या. देऊळ लहान, गाभारा अंधारा, तेलानं फरशी चिकट झालेली. पुजारी तोच, फक्त पोट सुटलेलं. त्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कमलम्मा हात जोडून डोळे मिटून पुटपुटत राहिली. चंद्रिका उघड्या डोळ्यानं बघत होती. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावी पाकळी अलगद सुटली आणि खाली पडली.

"न्हाई म्हनतोय देव," पुजारी म्हणाला.

कमलम्मानं सुस्कारा सोडला. तो इतका मनापासून सुटला की चंद्रिकाला वाटलं, जाऊ दे, हिच्याकडं बघून तरी जाऊ दे.

पण तेवढ्यात मागं थांबलेली एक तरणी बाई पुढं आली. काखेत वर्षभराचं लेकरू, त्याचा एक डोळा चिपडांनी गच्च मिटलेला. त्यांचाही नवस होता, पण डोळे आणायचे राहिले होते. "आसू दे की," पुजारी म्हणाला, "हितं मिळत्यात. दक्षिना ठेवा, देवाला वाहा, मागनं मी उचलून ठेवतो." त्यानं कोनाड्यातला बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि चांदीच्या डोळ्यांची एक जोडी ताटलीत ठेवली.

डाव्याचं बुबुळ वर चढलेलं होतं.

चंद्रिका पुढं झाली. "स्वामी, हे आमचे डोळे."

"देवाला वाहिलं म्हंजे देवाचं झालं, बाई."

"देवाचं झालं तर तुमच्या डब्यात कसं? किती जनांनी वाहिलेत हे आतापतोर?"

"लई जनांनी," पुजारी सहज म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "देवाला चालतंय."

देवाला चालतंय! बुबुळ वाकडं असलं तरी चालतंय, एकाच जोडीत गावाची दुखणी मिटली तरी चालतंय, सून मेली तरी चालत असेल. चार वर्षं ज्या मिटलेल्या व्यवहाराला हात लावायचा नाही म्हणून ती गप्प बसली होती, तो व्यवहार बिस्किटाच्या डब्यात पडून होता आणि दर रविवारी नव्यानं मिटत होता.  तिनं डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीला अंगठा लावला, परसातल्या मोरीवर करायची तसं दाबलं, आणि नकली डोळा हातात घेऊन ताटलीत ठेवला. चांदीचे दोन्ही उचलून मुठीत घेतले.

"घ्या. वाहायचाच तर हा माझा वाहते. ते आमचे आम्हाला. नवस फेडलाच न्हाई म्हणा."

पुजारी दोन पावलं मागं सरला आणि भिंतीला टेकला. तरण्या बाईनं लेकराचं तोंड पदराखाली घेतलं. ताटलीत कुंकवाच्या शेजारी तो डोळा पडला होता, वरच्या अंगाला पिवळट झालेला, ओला, छताकडं बघणारा. "अय्यो, शी! काय घाण हो ही!" पुजारी ओरडला. "देवाच्या ताटात! उचला, उचला ती घाण आदी!"

चंद्रिकानं हात पुढं केला, पण त्याच्या आधी एक सुरकुतलेला हात ताटलीत गेला. कमलम्मानं तो डोळा उचलला. चिमटीत नाही, तळहातावर घेतला.

"घान कुनाला म्हणतोस रे?" ती म्हणाली. "माझ्या सुनंचा डोळा हाय ह्यो."

 कमलम्मा बाहेर पायरीवर येऊन बसली, पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि तो डोळा उलटासुलटा करून धुतला. मग तिनं मान वर करून सुनेच्या रिकाम्या खोबणीकडं बघितलं. बघत राहिली. "दुखतंय का ग?" असं नऊ वर्षांनी विचारलं.

"न्हाई, अत्ती."

परतीच्या वडापमधे दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. चांदीचे डोळे चंद्रिकाच्या मुठीत घामेजले होते.  कमलम्माचा चेहरा उतरत चालला होता. देवाला दिलेलं परत आणलं, याचा अर्थ आता कुठं तिच्या ध्यानात यायला लागला होता.

"म्हंजे नवस बाकी राह्यला की आता," ती म्हणाली.

"व्हय."

"मग दुखनं बी मिटलं न्हाई म्हनायचं."

"ते मिटलंच नव्हतं, अत्ती."

कमलम्मानं पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. एसटीत बसल्यावर ती एकदम म्हणाली, "उद्या सकाळी जायचं सोनोग्राफीला. महेशाला सांगू नको, तो थांब म्हनंल. उपाशीपोटी लागतंय न्हवं?" मागची सोनोग्राफी होऊन चार वर्षं उलटून गेली होती, आणि एवढं मात्र ती विसरली नव्हती.

सोनोग्राफीच्या टेबलावर पोटाला गार जेल लागतं. डॉक्टर स्क्रीनकडं बघतात आणि बोलत नाहीत. बरगडीखाली ते यंत्र दाबून दाबून फिरवतात, एका जागी थांबतात, पुन्हा तिथंच येतात. त्या थांबण्यात माणूस किती वेळा मरतो याला गणती नाही. चंद्रिकानं छताकडं बघत स्वतःला बजावलं, ठिपका निघाला तर रडायचं नाही, आणि दाक्षायणीला तर कळूच द्यायचं नाही. मग तिला रावसाहेबांची गाडी आठवली.

"यकृत स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "मधली चार वर्षं कुठं होता तुम्ही? आता चुकवू नका. सहा महिन्यांनी या."

तिला आनंद झाला, पण घरी पोचेपर्यंत त्याची माती झाली होती. महेश्वरला कुठून तरी कळलं होतं आणि त्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिलं होतं, 'वीरभद्राच्या कृपेने रिपोर्ट एकदम नॉर्मल.' दाक्षायणीनं खाली गुलाबाचं फूल आणि जोडलेले हात पाठवले होते आणि पुढं लिहिलं होतं, 'मी म्हटलंच होतं.' ठिपका निघाला असता तर देव कोपला म्हणाले असते. नाही निघाला तर देव पावला. यात चंद्रिकानं कुठं उभं राहायचं, याची कुणाला फिकीर नव्हती. तिनं रावसाहेबांना तेवढा फोन केला. "भाऊ, आज तरी गाडी आली न्हाई." ते खोकत खोकत हसले आणि पोटाला हात धरून बसावं लागलं म्हणाले.

संध्याकाळी कमलम्मा चाचरत जवळ आली. "मग आता, नेऊन वाहू या का परत? दुसऱ्या देवळात?"

"न्हाई. हे बाकीच ऱ्हाऊ द्या."

"देवाचं बाकी ठेवू नये ग."

"फेडलं की तुमी मला गप्प बसवताय, अत्ती. बाकी असलं तर दर सहा महिन्याला न्याल तरी."

 कमलम्मा परसातल्या मोरीवर गेली, लाल ठिपक्याची वाटी उचलली, राखेनं घासून लखलखीत केली, त्यात ते चांदीचे डोळे ठेवले आणि वाटी सैपाकघरातल्या फडताळात, तिखट-मिठाच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवली. देवघरात नाही, बाकीची वस्तू देवाच्या समोर कशी ठेवायची, म्हणाली. नकली डोळ्याला तिनं नवी वाटी दिली, ठिपका न लावता.

पुढच्या महिन्यात गल्लीत एक डोहाळजेवण होतं. चंद्रिका दारात चपला काढते तोच बायकांच्या बोलण्यात खंड पडला. एकीनं हनुवटीला हात लावून तोंड खिडकीकडं वळवलं, दुसरीनं डावा-डावा केलं.  ती सगळ्यांत मायाळू बाई या वेळी तिला न विचारता कमलम्माकडं सरकली आणि कानाशी लागून म्हणाली, "अक्का, डॉक्टरनी किती दिवस दिलेत म्हणं सुनंला?"

कमलम्मानं हातातला पेढा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सा म्हयनं."

बायका चपापल्या. कुणाच्या तरी तोंडून अय्यो निघालं.

"ते सरलं की मी पुन्ना घिऊन जानार हाय," कमलम्मा म्हणाली, "आनखी सा म्हयनं आनायला."